अर्धवट सुटलेले नायक: एका टीम-कॉमिकच्या कामाच्या नोंदी

5 जानेवारी

वही उघडली. जून 1938 च्या तारखेनं ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक आला, सुपरमॅन धो धो चालला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या झाडून साऱ्या छोट्या-मोठ्या प्रकाशकांनी आपापले मुखवटेवाले बाजारात उतरवले. दहा सेंटला 64 पानं, त्यात सात-आठ गोष्टी. त्या गर्दीतले मोजके आजही सिनेमात दिसतात. उरलेल्यांचे प्रकाशक 1950 च्या दशकात धंदा गुंडाळून गेले आणि नायक वाऱ्यावर राहिले.

या वाऱ्यावरच्यांतले चार-पाच उचलून एक टीम करायची, 24 पानांचं मराठी कॉमिक. लेखन माझं. चित्रकार, रंगकाम करणारा आणि अक्षरं मांडणारी असे आणखी तिघं आहेत. चित्रकाराचं पहिलंच वाक्य: “जुने आहेत म्हणून घ्यायचे असतील तर मी नाही.” बरोबर आहे. जुनं असणं हा काही गुण नव्हे. या नायकांतले निम्मे तर एकमेकांची नक्कल आहेत; छातीवरचं चिन्ह झाकलं तर कोण कोणता ते ओळखू येणार नाही.

9 जानेवारी

हक्कांचं काम. कंटाळवाणं, पण आधी हेच.

1909 च्या अमेरिकी कायद्यात प्रताधिकार 28 वर्षांचा होता. अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज केला तर आणखी मुदत, नाही केला तर काम सर्वांसाठी खुलं. 1964 पासूनच्या प्रकाशनांना ही अट पुढे उरली नाही; त्याआधीच्यांना होती. म्हणजे 1940 च्या अंकासाठी कुणीतरी 1967-68 मध्ये अर्ज करायला हवा होता, आणि तोवर अर्ज करणाराच शिल्लक नव्हता. नायक खुले झाले ते असे.

पण “झाला नसेल” यावर भागत नाही. तिथल्या प्रताधिकार कार्यालयाची संगणकावरची यादी 1978 पासूनची आहे. 1950 च्या आधीच्या अंकांची नूतनीकरणं त्यात येतच नाहीत. त्यांच्यासाठी जुन्या छापील नोंदींचे खंड, नियतकालिकांचा विभाग, वर्षवार बघावे लागतात. स्कॅन मिळतात. शोधताना मासिकाचं नाव बघायचं, प्रकाशकाचं बघायचं, शिवाय त्याच प्रकाशकाची दुसरी नावंही बघायची, कारण ही मंडळी एकाच टेबलावरून तीन-तीन कंपन्या चालवत.

आणखी एक: अमेरिकेत खुलं म्हणजे जगभर खुलं नव्हे. अनेक देशांत लेखकाच्या मृत्यूपासून वर्षं मोजतात. म्हणून प्रत्येक नायकाच्या पुढे मूळ लेखक-चित्रकाराच्या नावाचा रकाना केला आहे, आणि ज्याचं गणित बसत नाही त्याला थेट फुली.

17 जानेवारी

नावांची भानगड. प्रताधिकार संपतो; व्यापारचिन्ह मात्र वापरात असेतोवर जिवंत राहतं. याचं नामी उदाहरण कॅप्टन मार्व्हलचं. फॉसेट या प्रकाशकाचा हा नायक 1940 च्या दशकात खपात सुपरमॅनला मागे टाकत होता. सुपरमॅनच्या प्रकाशकांनी (म्हणजे आजच्या डीसीनं) नकलेचा दावा ठोकला, वर्षानुवर्षं चालला, 1953 मध्ये फॉसेटनं तडजोड करून तो नायकच बंद केला. पुढे डीसीनंच 1972 मध्ये त्याचे हक्क भाड्यानं घेतले, पण मधल्या काळात, 1967 मध्ये, मार्व्हल कंपनीनं त्या नावाचा आपला वेगळाच नायक काढला होता. झालं! नायक परत आला, आणि मासिकाला त्याचं नाव देता येईना. ‘शझॅम!’ या मंत्राच्या नावानं मासिक काढावं लागलं.

आमच्या यादीत डेअरडेव्हिल आहे. मार्व्हलच्या 1964 च्या आंधळ्या वकिलाशी याचा संबंध नाही. हा 1940 चा, लेव्ह ग्लीसनच्या ‘सिल्व्हर स्ट्रीक’ अंक 6 मधला. डायनामाइट कंपनीनं 2008 मध्ये त्याला परत आणलं तेव्हा नाव फिरवून ‘डेथ-डिफाइंग डेव्हिल’ केलं. आम्ही इतकी कसरत करणार नाही. मुखवट्यामागचं त्याचं नाव बार्ट हिल. आत, बाहेर, सगळीकडे बार्टच.

26 जानेवारी

आज निवड. मोठ्या कागदावर प्रत्येकाची शक्ती लिहिली. ‘प्रचंड ताकद’, ‘प्रचंड ताकद’, ‘प्रचंड ताकद आणि उडणे’, ‘वीज’, ‘प्रचंड ताकद’. चित्रकारानं पेन खाली ठेवलं.

मग कागद उलटला आणि दुसरा प्रश्न लिहिला: याचं काय अर्धवट राहिलं? यादी एकदम गळाली, आणि जे उरले ते वेगळेच निघाले.

पेगी ॲलन, अर्थात ‘वूमन इन रेड’. ‘थ्रिलिंग कॉमिक्स’ अंक 2, मार्च 1940. पोलिसातली बाई, लाल लांब झगा, लाल टोपडं, लाल मुखवटा घालून तपास करते. शक्ती शून्य. वंडर वुमन यायला अजून पावणेदोन वर्षं होती. पेगीला स्वतःचं मासिक कधी मिळालं नाही, दुसऱ्यांच्या अंकात मागच्या पानांवर जागा मिळेल तेवढंच आयुष्य.

बार्ट हिल. लहानपणी गुंडांनी छातीवर बूमरँगच्या आकाराचा डाग दिला, त्या धक्क्यानं वाचा गेली. एवढी ताकदवान कल्पना, आणि पुढच्याच अंकात जॅक कोल या चित्रकारानं सूत्रं हाती घेतली तर हा घडाघडा बोलतोय! मुकेपणाचा पुन्हा उल्लेख नाही.

ग्रीन टर्टल आणि लायन मॅन. यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

ब्लॅक टेरर राहिला. औषधविक्रेता बॉब बेंटन, ‘फॉर्मिक ईथर’ हुंगून ताकद मिळवलेला, काळ्या पोशाखावर कवटी आणि हाडं. हा अर्धवट नाही, उलट 1941 पासून भरपूर छापला गेला, नंतरही अनेकांनी वापरला. पण टीममध्ये भिंत फोडायला एक जण लागतो. चित्रकाराला तो पोशाख काढायचाच आहे, हे खरं कारण.

2 फेब्रुवारी

ग्रीन टर्टल. 1944, ‘ब्लेझिंग कॉमिक्स’, चित्रकार चू हिंग. अमेरिकी कॉमिक्समध्ये काम करणाऱ्या पहिल्या चिनी-अमेरिकी चित्रकारांपैकी एक. नायक चीनमध्ये जपानी फौजांशी लढतो. आज पाची अंकांचे स्कॅन ओळीनं पाहिले, आणि चौकटीमागून चौकट तेच: तो पाठमोरा आहे, किंवा झग्याची कड तोंडावर आली आहे, किंवा स्वतःचाच दंड, किंवा मधे एखादी वस्तू. नायकाचा चेहरा वाचकाला दिसू द्यायचाच नाही असा चंग बांधल्यासारखं. बर्मा बॉय हा पोरगा त्याला विचारतो, तू ग्रीन टर्टल झालास कसा? उत्तर सुरू होतं न होतं तोच काहीतरी आडवं येतं. मासिक बंद पडलं, उत्तर राहिलं.

जुन्या कॉमिक्सच्या जगात एक वदंता आहे: चू हिंगला नायक चिनी दाखवायचा होता, प्रकाशकानं नाही म्हटलं, म्हणून त्यानं चेहराच लपवला. पुरावा नाही, वदंता म्हणूनच धरायची. पण चित्रं समोर आहेत. त्याची कातडी तर रंगकाम करणाऱ्यानं इतकी गुलाबी रंगवली आहे की बाजूच्या पिवळ्या माणसांसमोर डोळ्याला खुपते.

जीन लुएन यांग आणि सनी ल्यू यांनी 2014 मध्ये ‘द शॅडो हीरो’ काढून त्याला सरळ चिनी-अमेरिकी केलं आणि सुंदर जन्मकथा दिली. ती जन्मकथा त्यांची. 1944 चं साहित्य खुलं असलं तरी 2014 मध्ये घातलेली भर खुली होत नाही. मला ती नकोच आहे. आमच्या कॉमिकमध्ये तो चेहरा दाखवणार नाही, उगमही सांगणार नाही.

6 फेब्रुवारी

चित्रकाराची तक्रार: 24 पानं चेहऱ्याविना अभिनय कसा करायचा? मूळ अंकांतच तोडगा आहे. त्याच्या मागे अधूनमधून कासवाच्या आकाराची, डोळे असलेली सावली उमटते, का ते कधीच सांगितलेलं नाही. अभिनय सावली करील. मिटला विषय.

11 फेब्रुवारी

लायन मॅन. या माणसासाठी हा प्रकल्प करावा, इतका तो मनात बसला आहे.

जून 1947 मध्ये फिलाडेल्फियाचे पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ काढलं. लेखक, चित्रकार सगळे कृष्णवर्णीय. किंमत 15 सेंट, म्हणजे इतरांच्या दीडपट. त्यात त्यांचे भाऊ जॉर्ज यांनी काढलेला लायन मॅन: अमेरिकेत शिकलेला तरुण शास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांनी आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टला पाठवलेला. काम काय, तर युरेनियमनं भरलेल्या एका डोंगरावर पहारा द्यायचा. हिरोशिमाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. बाकीचे नायक अजून बँक लुटारूंच्या मागे पळत होते.

दुसरा अंक तयार होत आला, आणि छापायला कागद मिळेना. पहिल्या अंकाला कागद विकणाऱ्यांनीच हात वर केले. एका अंकात मासिक संपलं.

आमची गोष्ट 1948 ची ठरवली ती याच्यामुळे. 28 फेब्रुवारी 1948 ला गोल्ड कोस्टच्या राजधानीत, अक्रामध्ये, माजी सैनिकांचा निःशस्त्र मोर्चा गव्हर्नरच्या किल्ल्याकडे निघाला होता. महायुद्धात ब्रिटिशांसाठी लढून आलेली माणसं, निवृत्तिवेतन आणि कामधंदा मागत होती. पोलिसांनी गोळी घातली, तिघे मेले, शहर पेटलं. नऊ वर्षांनी तोच गोल्ड कोस्ट घाना म्हणून स्वतंत्र झाला. डोंगरावर पहारा देणाऱ्या माणसाच्या कानावर ही बातमी येते तेव्हा तो कुणाच्या वतीनं पहारा देतोय? पहिल्या पानाचा प्रश्न हाच.

पोशाखाचं ठरलं नाही. मुळात सिंहाचं कातडं नेसून उघडा हिंडतो. चित्रकाराला ते बदलायचं आहे. मला वाटतं, जॉर्ज इव्हान्सनी विचार करून काढलंय, आपण कोण बदलणार? तूर्त वर खाकी शर्ट, गळ्यात चष्म्याची दोरी. कातडं आहे तसंच.

20 फेब्रुवारी

आपल्या आधी हे कुणी कसं केलं ते वाचत बसले. बहुतेकांची युक्ती एकच: नायकांना झोपवा आणि आजच्या काळात उठवा. 1964 मध्ये बर्फातून निघालेल्या कॅप्टन अमेरिकापासून हा रस्ता पडला आहे. 2008 च्या ‘द ट्वेल्व्ह’मध्ये मार्व्हलनं आपलेच बारा विसरलेले नायक 1945 च्या बर्लिनमध्ये गोठवून आज जागे केले. त्याच वर्षीच्या ‘प्रोजेक्ट सुपरपॉवर्स’मध्ये ते एका कुंभात अडकलेले असतात. त्याआधी ॲलन मूरनं नेडोर कंपनीचे नायक ‘टॉम स्ट्राँग’मध्ये घेतले ते दुसऱ्या पृथ्वीवर नेऊन. मूरचं मला सर्वांत आवडतं, कारण तिथे नायक स्वतःच्या जगात वावरतात.

जागं झालं की नायकाला पहिली दहा पानं फक्त चकित व्हायचं काम उरतं. आम्ही कुणाला झोपवणार नाही. 1948 मध्ये तसेही त्यांचे दिवस भरत आले होते: युद्ध संपलेलं, वाचक गुन्हेगारी कथांकडे वळलेले. टीम जमण्यासाठी याहून चांगला काळ कुठला? कुणाकडेच फारसं काम नाही.

1 मार्च

खलनायक. पहिलं नाव आपोआप ‘क्लॉ’चं आलं, डेअरडेव्हिलचा जुना वैरी. नको. पिवळा, सुळेवाला, जग गिळायला निघालेला आशियाई राक्षस. त्या काळच्या वंशद्वेषाचा गोळाच. त्याला सुधारून घेण्यात आमची पानं खर्ची पडतील.

मग स्टारडस्ट सुचला, आणि तो तर नायक! फ्लेचर हँक्सनं 1939 मध्ये काढलेला ‘सुपर विझार्ड’. स्वतःच्या खासगी ताऱ्यावर बसून यंत्रांतून पृथ्वीवरचे गुन्हे बघतो. हँक्सच्या गोष्टी वाचताना अंगावर काटा येतो: गुन्हेगारांचा कट सविस्तर दिसतो, माणसं ढिगानं मरतात, मग स्टारडस्ट पोचतो आणि उरलेली पानं शिक्षा. एकाचा उंदीर करील, एकाचं नुसतं डोकं उरवून अंतराळात भिरकावील. सगळं आधी दिसत असून हा नेहमी उशिराच का येतो? हा प्रश्न मूळ मासिकात कुणी विचारला नाही. आमची टीम विचारणार.

कथानक जुळलं. डोंगराखालचं युरेनियम चोरायला टोळी येते, स्टारडस्टला ते ताऱ्यावरून दिसतं, आणि गुन्ह्याचं मूळच नको म्हणून तो अख्खा डोंगर उपटून न्यायला निघतो, पायथ्याच्या वस्तीसकट.

9 मार्च

रचना. टीम-कॉमिकचा साचा 1940 च्या हिवाळ्यात ‘ऑल स्टार कॉमिक्स’ अंक 3 नं घातला. जस्टिस सोसायटीचे सदस्य जेवायला जमतात आणि एकेक जण आपली गोष्ट सांगतो. म्हणजे टीम नावालाच. आठ सुट्या गोष्टी आणि भोवती मेजवानी. पुढच्या अंकापासून कामगिरी एक झाली, तरी मधली प्रकरणं एकट्या-एकट्याचीच राहिली. त्यात सोय होती, वेगवेगळे चित्रकार एकाच वेळी काम करू शकत.

आम्ही उलटं करतोय. सुरुवातीची आठ पानं सुटी, प्रत्येकाला जेमतेम दीड-पावणेदोन. नवव्या पानापासून कुणीही एकट्यानं चौकटीत यायचं नाही. हा नियम जाचक आहे आणि म्हणूनच उपयोगी: कुणाला पाठवायचं झालं तर दोघांना पाठवावं लागतं, मग ते बोलतात.

18 मार्च

पान 14 आज पेन्सिलमध्ये आलं. लिहून ठेवण्यासारखं झालं आहे. पेगी आणि बार्ट, पोलीस चौकीतली खोली, रात्र. नऊ सारख्या चौकटी. पहिल्या तिनांत पेगी प्रश्न विचारते, बार्ट बघतो. चौथीत तो बूमरँग टेबलावर ठेवतो. पाचवीत पेगी ते उलटून बघते. कडेला एक खाच पडली आहे. सहावीत ती पुन्हा विचारते, आवाज चढवून: “हे कुणाचं?” सातवीत बार्टची बोटं शर्टाच्या गुंडीवर. आठवीत फक्त छाती, तो डाग, आणि डागाच्या कडेलाही तीच खाच. नववीत पेगीनं वही मिटलेली.

बार्टला संवादाचा फुगा नाही, विचाराचा नाही, चिठ्ठी लिहिणंसुद्धा नाही. आठव्या चौकटीत वर एक ओळ टाकावी असा आग्रह झाला. टाकली नाही.

27 मार्च

रंग. त्या काळी लाल, पिवळा, निळा प्रत्येकी ठरावीक जाडीच्या ठिपक्यांत छापत, भसाड्या न्यूजप्रिंटवर. मिळून साठेक छटांचा संसार. नायकांचे पोशाख भडक असण्यामागे अर्धं कारण हे. आम्ही रंग त्याच मर्यादेत बसवतोय, पण ठिपक्यांचा खोटा पोत देणार नाही, कागदाला नकली पिवळेपणा तर नाहीच. तेव्हाच्या वाचकाच्या हातात अंक नवाकोरा होता.

बार्टचा प्रश्न सुटला. सगळ्यांना आठवतो तो लाल-निळा पोशाख; पण अंक 6 मध्ये तो पिवळा-निळा होता. मुकेपणाही त्याच अंकातला. दोन्ही तिथूनच घेतले की पेगीचा लाल एकटीचा राहतो. ब्लॅक टेररचा काळा मात्र छपाईत मेलेला दिसतोय, त्याला जुन्या पद्धतीनं निळ्या कडा द्यायला सांगितल्या.

5 एप्रिल

अक्षरांकन. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी अक्षरं मोठ्या लिपीत, वर-खाली समान, फुगा घट्ट बसतो. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार. ओळींमधलं अंतर वाढवलं की फुगे फुगतात आणि चित्र झाकतं. उपाय एकच, संवाद कापायचे. स्टारडस्टचं भाषण निम्म्यावर आलं. त्याला फुगाही नाही, नुसत्या सरळ रेघेच्या चौकटीत बोलतो, आकाशवाणीसारखा.

खरी मारामारी ‘तू’ आणि ‘तुम्ही’वरून झाली. 1948 च्या अमेरिकेतली गोरी पोलीस बाई कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाला काय म्हणेल? मराठीत हे मोघम ठेवता येत नाही. पहिल्या मसुद्यात सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणत होते, दोस्तांसारखे, आणि खोटं वाटत होतं. आता बॉब बेंटन त्याला पहिल्या भेटीत ‘तू’ म्हणतो, पेगी ‘तुम्ही’ म्हणते, आणि लायन मॅन दोघांनाही ‘तुम्ही’. पान 19 वर बॉब स्वतःला सावरतो. कुणी त्यावर बोलत नाही.

16 एप्रिल

आतलं मुखपृष्ठ तयार. चू हिंग, जॅक बाइंडर (बार्टचा पहिला चित्रकार), जॉर्ज इव्हान्स, फ्लेचर हँक्स ही नावं आमच्या नावांइतक्याच आकारात, आणि वर. टीमचं नाव अजून नाही. सुचलेलं प्रत्येक नाव कुणाचं तरी नोंदवलेलं निघतं.

चित्रकारानं आज एक हट्ट धरला आणि मला तो पटला: पहिला अंक छापायला देण्याआधी दुसरा लिहून, काढून पुरा करायचा. इव्हान्सबंधूंचा दुसरा अंक ज्यामुळे अडला ती अडचण आमच्यावर येईलच असं नाही, पण लायन मॅनला दुसऱ्यांदा एका अंकावर थांबवायचं नाही. दुसऱ्याची चार पानं लिहून झाली आहेत. अक्रापासून सुरुवात, मोर्च्याच्या दुसऱ्या दिवसापासून. छापखान्याशी बोलणी आणि कागदाची मागणी दोन्ही अंकांची एकदमच करायची.